बैठकीतील कविता : रविकिरण मंडळ आणि परस्परपरीक्षणाचा प्रश्न

गोरा कुंभाराच्या घरी संतमेळा जमल्याची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तेरढोकीच्या त्या अंगणात पडलेले थापटणे पाहून मुक्ताबाईने हे कशासाठी म्हणून विचारले, आणि मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग तेच थापटणे एकेकाच्या मस्तकावर पडत गेले. इतरांनी ते निमूटपणे सोसले. नामदेवांनी मात्र हरकत घेतली, आणि हे मडके अजून कच्चे आहे असा निवाडा त्यांच्या वाट्याला आला. कथेचा पारमार्थिक अर्थ गुरूपदेशाशी निगडित आहे आणि तिचा शेवटही विसोबा खेचरांपाशी होतो. पण समानधर्मी माणसे एकत्र जमली असता त्यांनी एकमेकांची पारख करावी की नाही, केली तर ती कोणत्या अधिकाराने, आणि ज्याची पारख होते त्याने ती कशी घ्यावी, हे प्रश्न या कथेत अगदी उघडपणे मांडलेले आहेत. मराठीतील आधुनिक वाङ्मयीन मंडळांचा विचार करू लागले की ती पुन्हा आठवते. कारण या मंडळांत मेळा होता, अंगण होते, स्नेहही होता, पण थापटणे कोणाच्या हाती होते हे सहजी सांगता येत नाही.

या दृष्टीने पुण्याच्या रविकिरण मंडळाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या या मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, दिवाकर आणि ग. त्र्यं. माडखोलकर ही प्रमुख मंडळी होती. रविवारी चहाच्या निमित्ताने जमावे, नव्या कविता वाचाव्यात, त्यांवर बोलावे, एवढाच त्यांचा मूळ परिपाठ. सात पुरुष आणि एक स्त्री असे संख्याबळ असल्यामुळे सप्तर्षी आणि अरुंधती ही उपमा त्यांना चिकटली. मंडळापाशी जाहीरनामा नव्हता, तत्त्वप्रणाली नव्हती. कवितेवरचे प्रेम आणि ती एकमेकांना ऐकविण्याची निकड एवढ्या भांडवलावर ते उभे राहिले. केशवसुत १९०५ मध्ये, बालकवी १९१८ मध्ये आणि गोविंदाग्रज १९१९ च्या प्रारंभी निवर्तले होते. तांबे दूर ग्वाल्हेरला होते. पुण्यात कवितेला मध्यवर्ती असा आवाज उरला नव्हता, आणि अशा वेळी एका आवाजाऐवजी एक बैठक पुढे आली, ही मराठी काव्येतिहासातील लहानशी वाटणारी घटना वस्तुतः मोठ्या परिणामाची ठरली.

बैठकीतील बोलणे आठवणींपुरते उरते. पुस्तके मात्र समोर असतात. मंडळाने स्थापनेच्याच वर्षी ‘किरण’ हा संग्रह काढला, आणि पुढच्या काही वर्षांत ‘उषा’, ‘शलाका’, ‘प्रभा’ असे सामुदायिक संग्रह येत राहिले. १९२४ च्या ‘मधु-माधव’ या संग्रहाच्या नावात तर दोन कवींची नावेच जोडलेली आहेत : ‘मधुकर’ या नावाने लिहिणारे घाटे आणि माधव जूलियन. रानडे पतिपत्नींची कविता ‘श्रीमनोरमा’ या एकाच नावाखाली ओळखली जाते. एखाद्या कवीने आपली कविता स्वतंत्र ग्रंथाऐवजी मित्रांच्या कवितांच्या शेजारी ठेवून प्रसिद्ध करणे ही साधी सोय नव्हे. शेजारच्या पानावरची कविता ही मूक टीकाच असते. आपली रचना सैल पडली तर ती वाचकाच्या आधी आपल्यालाच जाणवेल अशी ही मांडणी आहे, आणि मंडळातील कवींच्या रचनेत जो नेटकेपणा आला त्यामागे या शेजाराचा वाटा मोठा असला पाहिजे.

हा नेटकेपणा नेमका कशाचा, हे पाहणे आवश्यक आहे. मंडळातील बहुतेक जण शिक्षक, प्राध्यापक किंवा शिक्षणखात्याशी संबंधित होते. शिक्षकाच्या हातातली लाल पेन्सील जे सहज टिपते तेच बैठकीतही सहज टिपले जाते. मात्रा कमी पडली, यती शब्दाच्या मध्येच आली, यमक ओढूनताणून जुळविले, ऱ्हस्वाचे दीर्घ केले : असे दोष दाखविताना स्नेहाला धक्का पोहोचत नाही, कारण ते मोजता येतात आणि कवीला ते नाकारता येत नाहीत. माधव जूलियन यांच्यासारखा छंदःशास्त्राचा अधिकारी अभ्यासक सोबत असल्यावर ही पारख अधिक सूक्ष्म होणे स्वाभाविकच होते. त्यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ प्रथम १९२७ मध्ये निघाला आणि दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, फार मोठ्या विस्ताराने पुन्हा सिद्ध झाला. याच ग्रंथाबद्दल १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही पदवी दिली. अक्षरगणांचे वृत्त, मात्रांची जाती आणि अक्षरसंख्येवर चालणारा छंद ही त्यांनी निश्चित केलेली त्रिविध व्यवस्था आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. मंडळाच्या प्रारंभकाळी निघालेल्या ग्रंथाचे दुसरे रूप मंडळ विखुरल्यानंतर यावे, आणि तेच अधिक श्रेष्ठ असावे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु कवितेतील जे मोजता येत नाही त्याचे काय? अनुभव खरा आहे की उसना, भावनेला शब्दांनी उगाच फुगविले आहे का, हा विषय कवीचा आहे की काळाच्या रीतीचा, हे प्रश्न मित्राला मित्रापाशी काढणे अवघड जाते. मंडळाच्या कवितेचे गुणदोष एकत्र मांडले तर हीच फट दिसून येते. घाट रेखीव, भाषा प्रासादिक, सुनीतासारखा परका रचनाबंध मराठीत अगदी घरचा करून टाकण्याचे कसब वाखाणण्यासारखे. आणि त्याच वेळी प्रेमाची निराशा, ध्येयवादाची आळवणी, ग्रामीण जीवनाचे दुरून घेतलेले दर्शन यांत येणारी ठरावीकता. गिरीशांच्या ‘आंबराई’ (१९२८) या खंडकाव्यात खेड्याच्या ऱ्हासाविषयीची कळकळ खरी आहे, पण ती कळकळ पात्रांच्या तोंडी येते तेव्हा पुण्याच्या सुशिक्षिताची भाषा बोलते. हा दोष कानाला खटकत नाही, म्हणून तो काव्यवाचनाच्या बैठकीतून सहीसलामत पार पडतो.

माधव जूलियन यांच्या गज्जलेचे उदाहरण या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. ‘गज्जलांजलि’ (१९३३) हा मराठीतील या प्रकाराचा पहिला भरीव संग्रह. फार्सीचे अध्यापक आणि १९२५ च्या फार्सी–मराठी कोशाचे कर्ते असल्यामुळे या रचनाप्रकाराचे शास्त्र त्यांना अवगत होते. तरीही त्यांच्या बहुतेक गज्जला या वस्तुतः एकसंध भावगीते आहेत. प्रत्येक शेर आपल्या जागी स्वयंपूर्ण असावा ही मूळची शिस्त त्यांत सैलावते, आणि ती मराठीत दृढ होण्यास सुरेश भटांची वाट पाहावी लागली. याचे एक कारण अध्ययनाचा मार्ग हे आहे. उर्दूत गझल उस्तादाच्या हाताखाली शिकली जाते. शागिर्दाने शेर पुढे ठेवावा आणि उस्तादाने त्यावर इस्लाह करावी, म्हणजे दुरुस्ती सुचवावी, ही तेथील पद्धत. तिच्यात अधिकाराची उतरंड आहे आणि मुशायऱ्यातील श्रोत्यांची कठोर दादही आहे. एक शब्द बदलून उस्तादाने शेर कसा उजळला याचे किस्से तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. रविकिरण मंडळात उस्ताद कोणीच नव्हता. सगळे समवयस्क, समशील आणि थोड्याफार फरकाने समान कीर्तीचे. समानांच्या सभेत दुरुस्ती सुचविता येते, पण ती लादता येत नाही. आणि ज्या रचनाप्रकाराचा जाणकार एकटा माधव जूलियनच, त्या प्रकारात त्यांना दुरुस्ती सुचविणार तरी कोण?

मंडळात मनोरमाबाई रानडे यांचे स्थान कसे होते, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. अरुंधतीची उपमा गौरवाची खरी, पण आकाशात अरुंधतीचा शोध वसिष्ठाच्या आधारानेच घेतला जातो. त्या काळी एका स्त्रीने पुरुष कवींच्या बैठकीत बरोबरीने बसावे आणि आपली कविता तिथे पारखून घ्यावी, यात धिटाई होती आणि मंडळाचा उदारपणाही होता. तरी जोडनावाच्या संग्रहामुळे त्यांच्या कवितेचा स्वतंत्र विचार मागे पडला. १९२६ मध्ये अकालीच त्यांचे निधन झाले, आणि पुढे मंडळाच्या कवितेची चर्चा होत राहिली ती प्रायः माधव जूलियन, यशवंत आणि गिरीश या तीन नावांभोवती.

दिवाकरांची गोष्ट याहून निराळी. शंकर काशीनाथ गर्गे हे कवींच्या मंडळात बसणारे गद्यलेखक. त्यांची पहिली नाट्यछटा १९११ मधील, म्हणजे मंडळाच्या बारा वर्षे आधीची. तेव्हा मंडळाने त्यांना घडविले असे म्हणण्यास जागाच नाही. त्यांचा मासला ब्राउनिंगच्या एकभाषितांचा. नाट्यछटेत बोलणारे पात्र एकच असते. दुसरे पात्र समोर आहे, ते विचारते, हरकत घेते, कदाचित हसतेही, पण त्याचा शब्द कागदावर येत नाही. वाचकाने तो बोलणाऱ्याच्या उत्तरावरून ओळखायचा असतो. मंडळातील कवींनी एकमेकांना काय सांगितले हे शोधणाऱ्या अभ्यासकालाही हीच रीत पत्करावी लागते. यशवंतांच्या ‘यशोधन’ (१९२९) मधील रचनेत आलेला आटोपशीरपणा, किंवा माधव जूलियन यांच्या ‘विरहतरंग’ (१९२६) नंतर ‘सुधारक’ (१९२८) मध्ये उपरोधाने धरलेली धार, ही कोणत्या तरी न ऐकू आलेल्या बोलण्याची उत्तरे असू शकतात. ‘असू शकतात’ यापलीकडे समीक्षकाने जाऊ नये हे बरे.

बैठकीचे रूप बदलले ते काव्यगायनाने. खोलीत आठ जणांपुढे वाचलेली कविता सभागृहात शेकडोंपुढे गायली जाऊ लागली. मंडळाच्या कवींनी, त्यांतही यशवंत आणि गिरीश यांनी, काव्यगायनाची प्रथा महाराष्ट्रभर रुजविली आणि शाळा-महाविद्यालयांतून कविता सामान्य माणसाच्या ओठांवर नेली. हे ऋण मान्य करावेच लागते. यशवंतांची ‘आई’ ही कविता घरोघर पोचली ती मुद्रणाने जितकी, तितकीच गळ्याने. पण सभेचा न्याय बैठकीच्या न्यायाहून वेगळा असतो. गायलेली कविता पहिल्याच श्रवणात उमगली पाहिजे, ध्रुपदाशी परत आली पाहिजे, भाव एकच आणि ठळक असला पाहिजे. टाळी मिळते ती कोठे मिळते हे कवीला लवकरच समजते, आणि पुढची कविता कळत-नकळत त्या ठिकाणाच्या अनुरोधाने लिहिली जाते. आठ जणांपैकी एखाद्याच्या कपाळावरची आठी कवीला जे सांगू शकली असती, ते शेकडोंच्या टाळ्यांत बुडून गेले. मंडळाच्या कवितेला जो गोडवा नंतरच्या पिढीला अति वाटू लागला, त्याचा उगम स्नेह्यांच्या स्तुतीत शोधण्याचा प्रघात आहे. तो या सभागृहात शोधणे अधिक न्याय्य होईल.

परस्परस्तुतीचा आरोप मात्र लवकरच झाला, आणि तो सर्वांत परिणामकारक रीतीने झाला विडंबनातून. प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली. मंडळाची कविता हे या विडंबनांचे एक मुख्य लक्ष्य. विडंबनकार हा एका अर्थी बैठकीला न बोलाविलेला सभासद असतो. मित्र जे बोलले नाहीत ते तो बोलतो, आणि ज्या लकबी एकमेकांच्या कानाला सवयीच्या झाल्या होत्या त्या तो चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवितो. चांगल्या विडंबनासाठी मूळ शैली पुरेशी नियमित असावी लागते. बालकवींपेक्षा या कवींचे विडंबन सोपे जाते, ते याच कारणामुळे. मात्र विडंबनातून कवीला दुरुस्ती मिळत नाही. हशा मिळतो, आणि हशाने कवी एकतर गप्प होतो किंवा अधिक हट्टी होतो. अत्र्यांच्या पुस्तकाने मराठी वाचकाचा कान तीक्ष्ण केला हे निर्विवाद. त्याने मंडळातील एखाद्या कवीची एखादी कविता सुधारली असे दाखविणे कठीण आहे.

हा केवळ मराठीचा अनुभव नव्हे. ज्या १९२३ साली पुण्यात हे मंडळ जमले त्याच वर्षी कलकत्त्यात दिनेशरंजन दास आणि गोकुलचंद्र नाग यांनी ‘कल्लोल’ हे मासिक सुरू केले, आणि त्याभोवती प्रेमेंद्र मित्र, अचिंत्यकुमार सेनगुप्त, बुद्धदेव बसू ही तरुण मंडळी अड्ड्यासाठी जमू लागली. तिथेही थट्टेखोर प्रतिपक्ष उभा राहिलाच. सजनीकांत दास यांच्या ‘शनिवारेर चिठि’ने कल्लोलीयांची यथेच्छ टिंगल केली. फरक असा की कल्लोलकारांचे भांडण रवींद्रनाथांच्या विराट सावलीशी होते. भांडणासाठी समोर कोणी मोठे असले की मित्र आपापसांत अधिक निर्भयपणे बोलतात. रविकिरण मंडळाला असा प्रतिस्पर्धी लाभला नाही. तांब्यांविषयी त्यांच्यात आदरच होता, आणि १९३५ मध्ये तांब्यांच्या समग्र कवितेचे संपादन माधव जूलियन यांनीच केले.

अहमदाबादेत ‘कुमार’ मासिकाच्या बचुभाई रावत यांनी १९३० च्या दशकात चालविलेली बुधसभा ही आणखी निराळ्या जातीची. तिथे दर बुधवारी होतकरू कवी आपली रचना घेऊन येत, आणि बचुभाईंसारखा स्वतः कवी म्हणून न मिरविणारा, पण चोखंदळ संपादक ती ऐकून घेई. ऐकणाऱ्याची स्पर्धा वाचणाऱ्याशी नसणे हा मोठा लाभ. निरंजन भगत, प्रियकांत मणियार यांसारखे कवी या सभेच्या वातावरणात वाढले. लाहोरला १९३९ मध्ये सुरू झालेल्या ‘हल्का-ए-अरबाब-ए-ज़ौक़’ने तर साप्ताहिक बैठकीला रीतसर रूप दिले. रचना वाचायची, तिच्यावर उपस्थितांनी बोलायचे, आणि मागील बैठकीचा वृत्तांत पुढील बैठकीत वाचून दाखवायचा. आपण गेल्या आठवड्यात काय बोललो हे स्वतःच्या कानांनी पुन्हा ऐकावे लागणे ही टीकाकारावरची टीकाच म्हणायची. मीराजींसारखा दुर्बोध समजला गेलेला कवी अशा वातावरणात अग्रणी ठरू शकला, हे पुरेसे बोलके आहे. पुण्याच्या बैठकीत औपचारिकतेचा असा जाच नव्हता. चहा होता, आणि चहाबरोबर कडू बोलणे मराठी माणसाला अशिष्ट वाटते.

मंडळ जसे सहज जमले तसे सहज पांगले. मनोरमाबाई गेल्या, दिवाकर १९३१ मध्ये गेले. माडखोलकर नागपूरला जाऊन पत्रकार आणि कादंबरीकार झाले. कवी माडखोलकर त्यानंतर बहुतेकांच्या विस्मरणातच गेले. घाट्यांची खरी प्रतिभा गद्यात फुलली. ‘काही म्हातारे व एक म्हातारी’ (१९३९) या व्यक्तिचित्रांत जी मोजकी, मिस्कील आणि माया असलेली नजर दिसते ती ‘मधु-माधव’च्या कवितेत क्वचितच सापडते. कवींच्या संगतीत राहून आपण कवी नाही हे एखाद्याला उमगणे, हेही बैठकीचे एक फळ मानावे काय? माधव जूलियन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले आणि त्यांच्या लेखनाचे भारदस्त पर्व तिथे घडले.

तिथेच त्यांच्यात एक मोठे स्थित्यंतरही झाले. फार्सी शब्दांचे ऐश्वर्य मराठीत मोकळ्या हाताने उधळणाऱ्या या कवीने १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. कोशकर्ता शुद्धिवादी झाला. सावरकरांच्या चळवळीची हाक त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि ती त्यांनी एकनिष्ठ विद्यार्थ्याच्या सचोटीने ऐकली. जी गोष्ट एखाद्या स्नेह्याच्या आक्षेपाने एरवी शब्दापुरती झाली असती, ती सार्वजनिक चळवळीच्या दबावाखाली तत्त्व म्हणून झाली. शब्द बदलल्याने कवितेचा सूर बदलतो का, ‘इष्क’ गेल्यावर उरणारे ‘प्रेम’ तेच असते का, हा प्रश्न चळवळ विचारीत नाही. तो विचारण्याची जागा रविवारची बैठकच होती. ‘गज्जलांजलि’ आणि ‘भाषाशुद्धि-विवेक’ ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता एका संवेदनशील कवीच्या कानात कोणते आवाज कोणत्या क्रमाने शिरले याची कल्पना येते.

१९३९ च्या नोव्हेंबरात माधव जूलियन निवर्तले. त्याच वर्षी बा. सी. मर्ढेकरांचा ‘शिशिरागम’ निघाला, आणि त्यातील कवितेवर बालकवींबरोबर माधव जूलियन यांचीही छाया असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. आठ वर्षांनी ‘काही कविता’ येताना ती छाया पार नाहीशी झाली होती. त्या कवितेला चहाच्या बैठकीत दाद मिळाली नसती, सभागृहात ती गाताही आली नसती. तिला न्यायालयात उभे राहून अश्लीलतेच्या आरोपाला उत्तर द्यावे लागले. दरम्यान गिरीश मात्र आपल्या दिवंगत मित्राचे लेखन वाचीतच होते. माधव जूलियन यांच्या निधनानंतर पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर, १९६५ मध्ये, त्यांनी लिहिलेले चरित्र ‘स्वप्नभूमि’ या नावाने प्रसिद्ध झाले.